शिट्ट्या मोजणारी काच

कुकरची शिट्टी बिघडली आहे असं बायको म्हणत होती आणि मी आधी ते खरं मानलं. शिट्टी बदलली, रिंग बदलली. तरी एका सकाळी दूध घेऊन जिना चढत होतो, तर आमच्याच घरातून एकामागून एक शिट्ट्या येत होत्या. आत गेलो तर ही ओट्यापाशीच, कुकरकडे पाठ करून मेथी निवडत उभी. गॅस बंद केला तोवर डाळीचा कोळसा झाला होता. "अहो, शिट्टी झालीच नाही," ती म्हणाली. खोटं बोलत नव्हती. बिघाड कुकरात नव्हताच.

मुलगी वाघोलीला राहते. तिनं फोनवरच निकाल दिला. "बाबा, आईचं आणि गॅसचं आता सेफ नाहीये. मी स्वयंपाकाला बाई बघते. रविवारी येऊन फायनल करू." कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला की ही उठून जायची. बाई येणार हे ऐकल्यावर मात्र उठलीही नाही. हडपसरच्या या घरातला तो ओटा तिनं गवंड्यासमोर उभं राहून आपल्या उंचीचा बांधून घेतला होता. तिथे दुसरं कुणी उभं राहणार म्हटल्यावर तिनं ताट तसंच बाजूला सारलं.

निवृत्त झाल्यापासून मी व्हिडिओ बघून इलेक्ट्रॉनिक्सच्या तारा-बोर्डांचे खेळ करत असे. आजवर एक दिवा लावला आणि विझवला होता, एवढंच कर्तृत्व. त्या जोरावर ठरवलं, की माईक शिट्टी ऐकेल, बोर्ड मोजेल आणि आकडा डिस्प्लेच्या काचेवर उमटेल. तिला म्हणालो, "कुकर बिघडलाय ना, मग मोजायला एक यंत्र करतो." तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "करा," म्हणाली.

बुधवार पेठेतल्या गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराला सांगितलं, "डिस्प्ले द्या, अक्षरं दिसतील असा."

"अक्षरं सगळ्यांवरच दिसतात, काका. सोळा बाय दोन का वीस बाय चार? निळा का हिरवा? चार तारांचा का सोळा पायांचा?"

मला त्यातलं फक्त निळा आणि हिरवा कळलं.

"लावणार कशाला?"

"कुकरला."

"कुकरला शिट्टी असते," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

निळा घेतला, कारण दिसायला देखणा होता. सोळा बाय दोन म्हणजे एका ओळीत सोळा अक्षरं आणि अशा दोन ओळी, हे परतीच्या बसमध्ये पाकिटावर वाचलं. घरी जोडला तर अक्षर एकही नाही, वरच्या ओळीत नुसते चौकोन. सगळ्या तारा उपसून पुन्हा जोडल्या. चौकोन तसेच. मागच्या बाजूला एक इवलासा स्क्रू होता, तो फिरवून अक्षरं गडद-फिकी करायची असतात हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तो पिळल्यावर चौकोन विरले आणि आतून अक्षरं वर आली. मी हुरळून 'शिट्ट्या' असं लिहायला लावलं, तर भलतीच चिन्हं उमटली. त्या काचेला इंग्रजी येत होतं, थोडं जपानी येत होतं, मराठीचा गंध नव्हता.

ओट्यासमोर खिडकी आहे. तिथल्या उजेडात निळ्यावरची पांढरी अक्षरं पार फिकी पडली. पुन्हा पेठेत जाऊन हिरवा आणला. त्यावरची काळी अक्षरं उजेडातही दिसतात म्हणे, आणि दिसलीही. शेगडीच्या वरच्या फरशीवर चिकटवला. पहिली शिट्टी झाली, एकचा आकडा आला. मी टाळी वाजवली, तीही मोजली गेली. मग आमटीला उकळी आली आणि हळूहळू सगळी काच काळवंडली. जळली वाटून काढून टेबलावर ठेवली. थोड्या वेळानं आपली पूर्ववत. पुन्हा वर लावली, पुन्हा काळी. माझं डोकं चालेना. मी चिडून पाना आपटला आणि ही शांतपणे कांदा चिरत राहिली. तो आवाजही तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

"गरम होत असेल," पेठेतला दुकानदार फोनवर म्हणाला. "साध्या काचेला पन्नास डिग्रीच्या पुढे सोसत नाही. जास्त सोसणारी मागवावी लागेल, नाहीतर लांब लावा."

मागवायला वेळ नव्हता, रविवार तोंडावर आला होता. लांब, फ्रिजशेजारी लावली, तर आकडा तांदळाएवढा. तिला चष्मा लावूनही दिसेना. शेवटी कुठेतरी सापडलं, की या काचेला आपण स्वतः काढलेली अक्षरंही देता येतात, पण एका वेळी आठच. एकेक अक्षर म्हणजे पाच बाय आठ ठिपक्यांचं घर. अशी सहा घरं दोन ओळींत जोडली की एक मोठा आकडा होतो. आलेखाच्या कागदावर मी मराठी एक, दोन, तीन रंगवत बसलो. घरांमध्ये फट राहते, म्हणून माझा तीन मधोमध चिरल्यासारखा दिसत होता. पण बोटाच्या पेराएवढा होता. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि लांबूनच म्हणाली, "तीन."

रविवारी मुलगी विहारातून वंदना करून थेट आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. हिनं कुकर लावला. मी श्वास रोखून बसलो होतो, कारण मिक्सर लागला असता तर यंत्रानं त्याचा आवाजही शिट्टी म्हणून मोजला असता. चिरलेला तीन आला. ही सहज वळल्यासारखी वळली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "झाल्या तीन." मुलीनं माझ्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं. "बाबा, भारी आहे," म्हणाली. जेवताना बाईचा विषय तिनं काढला नाही, आणि जाताना म्हणाली, "राहू दे सध्या."

ती गेल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मी हिला मदत केली का हिचं बहिरेपण लपवायला हातभार लावला, हे काही केल्या कळेना. ही माझ्याकडे पाठ करून कुकर घासत होती. मी म्हणालो, "आमटी छान झाली होती." ती वळली नाही. मोठ्यानं म्हणालो. नळ चालूच होता. उठून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं. "काय झालं? परत काळं पडलं का ते?"

"नाही. आमटी छान झाली होती, म्हणालो."

तिनं नळ बंद केला. "कधी म्हणालात?"

"आत्ताच. दोनदा."

तिनं ओले हात झटकले आणि म्हणाली, "उद्या जाऊ या कानाच्या डॉक्टरांकडे." आणि कुकर पालथा घालत, "इतक्या वर्षांत आधीही म्हणाला असाल ना? मलाच ऐकू आलं नसेल."

चेष्टा करत होती का खरंच विचारत होती, मला कळलं नाही. आधी कधी म्हणाल्याचं आठवत नव्हतं, तरी मी हो म्हणालो, आणि तिला नीट दिसावं म्हणून मानही हलवली.