पापुद्र्यावरील तुळशीपत्र

आमची सून प्रयोगशाळेत पॉलिमर आणि माती यांचे थर आलटून-पालटून चढवून कांद्याच्या पापुद्र्यासारखे पारदर्शक पटल तयार करते. त्यात गुंडाळलेल्या खाद्यपदार्थाला बाहेरची हवा लागू नये, हा हेतू. बनशंकरी भागातल्या आमच्या घरी सारेच मला अण्णा म्हणतात, तशी तीही. एकदा तिने समजावले होते, "अण्णा, मातीचे कण कौलांसारखे बसतात, हवेला सरळ वाटच सापडत नाही. पण पटल पाणी प्यायलं की फुगतं, आणि कौलं विलग होतात." हे फुगणे आवरावे म्हणून तिने एक पटल निराळ्या रीतीने तापवून घेतले होते. सहा महिन्यांच्या खटपटीत तसा एकच तुकडा निर्दोष उतरला होता.

त्या दिवशी मार्गदर्शकांपुढे त्यावर प्रथमच पाणी घालायचे होते. सकाळी तिने जुन्या रीतीच्या व या नव्या पटलाच्या दोन चौकटी देवापुढे ठेवल्या आणि ती स्नानास गेली. देवापुढे आलेली वस्तू तुळशीपत्राविना कशी राहावी? मी दोन्हींवर एकेक ओले पान वाहिले आणि पूजा पुढे चालविली.

ती परतली आणि उंबऱ्यातच थबकली. "अण्णा! पाणी?"

"अगं, थेंबभरच," मी म्हणालो खरा. पण तिचा चेहरा पाहून हातातली जपमाळ खाली ठेवली.

तिने जुन्या पटलावरचे पान उचलले. खाली पानाची आकृती शिरांसकट फुगून आली होती. मग नवे पटल. तिने ते अलगद टिपले, खिडकीशी नेऊन तिरपे धरले. सपाट! देठापाशी थेंब साचला होता, तेथे मोहरीएवढा उंचवटा तेवढा दिसत होता.

"टिकलं, अण्णा!"

"आणि तो डाग?"

"स्वल्प आहे. तो मीच आधी दाखवीन."

तिने वाकून नमस्कार केला. देवाला की मला, हे मी विचारले नाही. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "देवाला आता प्लास्टिकचाही नैवेद्य! उद्या कुकरची शिट्टी वाहाल."

दुपारी सुनेचा फोन आला. "अण्णा, सरांना आवडलं! पण पान किती वेळ होतं, विचारतायत."

"एक माळ जप झाला, तेवढाच वेळ."

"मिनिटं सांगा ना!"

मन स्थिर असेल तर बारा, भटकले तर अधिक, असे मी प्रामाणिकपणे सांगितले.

"वीस लिही म्हणावं," स्वयंपाकघरातून उत्तर आले.