सुजाताच्या नावाने गेलेला निरोप

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. ज्यांच्याबरोबर उभं आयुष्य काम केलं, त्यांनाही नाही. विषय अनेकदा अगदी जवळ आला — आणि प्रत्येक वेळी मी पाणी प्यायला उठलो. आज सांगतोय. तुम्हालाच का, ते नीट कळत नाही. तुम्ही सुजाताला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी मूळचा चौकचा. घरची भातशेती. वडलांना वाटायचं पोरगा गॅरेज टाकेल, हायवे दारात आहे. मी डिप्लोमा केला, मुंबईला राहून कॉम्प्युटर शिकलो, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी खोपोलीला, शिळफाट्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात लागलो. तिथे नुकतंच मशीन आलं होतं. त्याच्यासाठी एसीची खोली, दाराबाहेर चपला काढायच्या, आत मोठ्याने बोलायचं नाही — देवघरासारखं. सी भाषेत प्रोग्रॅम लिहिता येणारा कारखान्यात मी एकटा. एकटा असण्याची चव फार लवकर लागते. मला लागली होती.

सुजाता त्याच खोलीत काम करायची. कर्जतला राहायची, खोपोलीच्या गाडीने यायची. वडील रेल्वेत गँगमन होते, मूळ गाव कोंडाणे लेण्यांच्या बाजूचं. छप्पनच्या नंतर बौद्ध झालेलं कुटुंब. तिच्या टेबलाच्या खणात बाबासाहेबांचा एक छोटा फोटो असायचा, भिंतीवर लावायची परवानगी तिने कधी मागितली नाही. टायपिंगच्या जागेवर लागलेली ही मुलगी बघताबघता मशीनवर आली. बोटांकडे न बघता टाइप करायची. फार बोलायची नाही, पण शंका विचारायची.

तिचं काम असं — मुंबईच्या गोदामातून कुठल्या व्यापाऱ्याला किती रंग सोडायचा, त्याचा निरोप खोपोलीहून गोदामाच्या मशीनला पाठवायचा. आधी हे फोनवर चालायचं, ओरडून. आता टेलिफोनच्याच तारेवरून, पण दोन मशीनं आपापसात बोलणार होती. गोदामात कागद छापून निघाला की माल बाहेर. कागदावर खाली नाव — सुजाता.

प्रोग्रॅम लिहीत होतो तेव्हा तिने एकदा विचारलं, की सर, माझं नाव दुसऱ्या कुणी टाकलं तर गोदामाला कसं कळणार? मी हसलो होतो. पण प्रश्न बरोबर होता. मग मी त्यावर खूप दिवस घालवले. दोन प्रोग्रॅमांनी कामाचं बोलण्याआधी एकमेकांची ओळख पटवायची, असं ठरवलं. गोदामाचा प्रोग्रॅम एक आकडा पाठवणार, दर वेळी नवा. खोपोलीच्या प्रोग्रॅमने तो आकडा आपल्याजवळच्या गुप्त शब्दाशी घोळवून उत्तर द्यायचं. गुप्त शब्द तारेवरून जाणारच नाही, जाणार फक्त उत्तर. गोदामाजवळही तोच शब्द, त्यामुळे उत्तर खरं की खोटं ते त्याला कळणार. मग तसंच उलट — खोपोलीने गोदामाला विचारायचं. दोघांची खात्री पटली की त्या एका बोलण्यापुरती एक खूण तयार व्हायची, आणि पुढच्या प्रत्येक निरोपाला ती खूण लागायची. कुठे काही चुकलं तर बोलणं तिथेच तोडायचं.

चांगलं काम होतं ते. आजही म्हणेन. मी ते सुजाताला समजावलं, तर ती म्हणाली, म्हणजे आता माझं नाव माझंच राहील. आणि कामाला लागली.

मग काय झालं? काही मोठं झालं नाही. तार खराब होती, एवढंच. घाटाखालच्या त्या तारेवर खरखर इतकी, की आकडा जाताना एखादं अक्षर बदलायचं. उत्तर चुकायचं, बोलणं तुटायचं. पुन्हा लावा, पुन्हा तुटलं. गोदामात ट्रक खोळंबायचे. फणसे साहेब — आमचे मॅनेजर — रोज दारात येऊन उभे राहायचे. आणि नेमके तेव्हाच मालक मंडळी हे सगळं बघायला येणार होती.

मी गोदामात गेलो. तिथल्या प्रोग्रॅममध्ये ओळख तपासणारं जे फंक्शन होतं, त्याच्या पहिल्याच ओळीवर लिहिलं — रिटर्न वन. म्हणजे पुढचं काही न बघता ‘ओळख पटली’ म्हणून मोकळं व्हायचं. खालच्या सगळ्या ओळी जागच्या जागी होत्या, पण तिथपर्यंत मशीन पोचणारच नव्हतं. वाटलं, मालक बघून जाऊ देत, मग काढून टाकू.

मालक आले, बघितलं, खूश झाले. ट्रक वेळेवर सुटायला लागले. फणसे साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. ओळ काढली असती तर पुन्हा खरखर, पुन्हा तुटणं, पुन्हा दारात फणसे साहेब. मी ती काढली नाही. विसरलो, असं म्हणायला मला आवडलं असतं. विसरलो नव्हतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. सुरुवातीला तारेशिवाय चाचणी करता यावी म्हणून मी गोदामाच्या मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम ठेवला होता. तो खोपोलीचं सोंग घ्यायचा. त्यात नाव काहीतरी टाकायला हवं, म्हणून सुजाताचं टाकलं होतं. त्याच्याजवळ गुप्त शब्द नव्हता, त्यामुळे तपासणी चालू असती तर गोदामाने त्याला दारातूनच परतवून लावलं असतं. तपासणी मीच बंद केली होती. तो तिथेच पडून राहिला.

एक दिवस गोदामातून रंगाचे दोन ट्रक बाहेर पडले आणि जिथे पोचायला हवे होते तिथे पोचले नाहीत. ज्या व्यापाऱ्याच्या नावावर ते सुटले, तो व्यापारी नव्हताच. गोदामाने कागद पुढे केला. खाली नाव सुजाता.

तिने सांगितलं, मी पाठवला नाही. पण त्या दुपारी ती कामावर होती, मशीनसमोरच होती. फणसे साहेब म्हणाले, मशीन ओळख पटवूनच निरोप घेतं, असं ठोंबऱ्यांनी मालकांना सांगितलंय. सांगितलं होतंच मी.

गोदामाची तपासणी करायला कुणाला पाठवलं असेल? मलाच. दुसरं कोण होतं?

गेलो. मशीनसमोर बसलो. तो चाचणीचा प्रोग्रॅम शोधला, आणि मशीनने दाखवलं की तो त्याच दिवशी, त्याच दुपारी चालवला गेला होता. गोदामातल्याच कुणीतरी. सुजाता निर्दोष आहे हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, हिरव्या अक्षरांत. मी फणसे साहेबांना तिथूनच फोन लावू शकलो असतो. फोन टेबलावरच होता.

मी आधी ‘रिटर्न वन’ ही ओळ काढली. प्रोग्रॅम पुन्हा बांधून चालू केला; बोलणं पुन्हा तुटेल तर तुटू दे, म्हटलं. मग तो चाचणीचा प्रोग्रॅम पुसून टाकला. गोदामातला क्लार्क चहा घेऊन आला, मी चहा प्यालो. हात थरथरत होते का? नाही. हे मी मुद्दाम सांगतोय — नव्हते थरथरत.

दोन दिवसांनी फणसे साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. हेड ऑफिसचे एक गृहस्थ आले होते. सुजाता आधी उभी होती, मग तिला बसायला सांगितलं. तिने तेच सांगितलं, शांतपणे, की निरोप माझा नाही. त्यांनी तेच तेच फिरवून विचारलं. शेवटी ती माझ्याकडे वळून त्यांना म्हणाली, “सरांना विचारा. त्यांनीच लिहिलंय ते. ते सांगतील.”

त्या गृहस्थांनी मला विचारलं, ओळख पटल्याशिवाय निरोप जाऊ शकतो का?

“नाही,” मी म्हणालो. “जाऊच शकत नाही.”

त्यांनी ‘शकतो का’ असं विचारलं होतं. ‘शकत होता का’ असं नाही. आणि त्या दिवशी खरोखरच जाऊ शकत नव्हता — मी दोनच दिवसांपूर्वी दुरुस्त केलं होतं. या एका काळाच्या फरकावर मी कितीतरी वर्षं झोपलो. माणूस कशाकशावर झोपू शकतो, नाही?

सुजाता माझ्याकडे बघत होती. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. ती विचार करत होती — मी नाही पाठवला, आणि सर म्हणतात दुसरं कुणी पाठवूच शकत नाही, मग हे झालं कसं? ती गणित मांडत होती. मी खोटं बोलतोय, हा पर्याय तिने त्यात धरलेलाच नव्हता.

पोलिसात देत नाही, राजीनामा दे, असं तिला सांगण्यात आलं. उपकार केल्यासारखं. तिने दिला. कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, ह्यांना जागा दिली की असंच होतं. ‘ह्यांना’ म्हणजे कुणाला, ते टेबलावरच्या प्रत्येकाला कळलं. मी तिथेच जेवत होतो. जेवत राहिलो.

त्यानंतरच्या रविवारी तिचे वडील आमच्या घरी चौकला आले. धुतलेला पांढरा शर्ट, हातात टोपी. मी आत बोलावलं तरी ओट्यावरच बसले. आईने चहा दिला — कान तुटलेल्या कपात. घरातले बाकीचे कप धड होते. मी पाहिलं. आईला काही म्हणालो नाही.

त्यांनी नोकरी परत मागितली नाही. एवढंच म्हणाले, “माजी पोर खोटं बोलत नाय. मशीन पन खोटं बोलत नाय, असं सायेब म्हनतात. मंग आमी काय समजायचं? तुमी जानता त्यातलं. एकदा तपासून बगा.”

मी म्हणालो, बघतो.

त्यांनी हात जोडले आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालायला लागले. मी ओट्यावर उभा होतो. हाक मारायला वेळ होता, थांबा काही जवळ नव्हता. शेजारच्या शेतात लावणी चालली होती, बायका बोलत होत्या. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिलो.

पुढे मला बढती मिळाली. मग मुंबईची नोकरी, मग आणखी मोठी. गोदामातला तो चहा घेऊन येणारा क्लार्क पुढे दुसऱ्याच एका चोरीत सापडला आणि काढला गेला. त्या दोन ट्रकांचा संबंध कुणी जोडला नाही. जोडू शकणारा एकच माणूस होता. सुजाताला कारखान्यांतून परत काम मिळालं नाही. आमच्या भागात कारखाने किती आणि मॅनेजर किती — सगळे सगळ्यांना ओळखतात. ती कर्जतला एका टायपिंग क्लासमध्ये शिकवते, असं कानावर आलं. मशीनवर ती पुन्हा कधी बसली का, मला माहीत नाही. माझ्यापेक्षा ती त्यात पुढे गेली असती, असं मला वाटतं. हे मी तेव्हाही ओळखून होतो.

मग एकदा ती भेटली. कर्जत स्टेशनवर, पुण्याच्या गाडीला मागून इंजिन लावत होते म्हणून गाडी थांबली होती, आणि मी वडा घ्यायला उतरलो होतो. तिनेच ओळखलं. बरोबर नवरा होता, त्याला म्हणाली, हे ठोंबरे सर, यांच्याकडून मी शिकले. माझ्या आईची चौकशी केली. मग म्हणाली की वडील गेले, गेल्याच वर्षी.

मी काहीतरी बोललो, लोक बोलतात तसं.

ती म्हणाली, “बाबांना शेवटपर्यंत वाटायचं, काहीतरी राहून गेलंय. मी त्यांना सांगायचे, सरांनी सगळं तपासलं असेल. तपासलं होतं ना सर तुम्ही?”

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच हवं होतं ते उत्तर, स्वतःसाठी नव्हे, त्यांच्यासाठी.

गाडी सुटायला अजून अवकाश होता. नवरा अदबीने थोडा बाजूला उभा होता. आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं. माझं काही जाणार नव्हतं — तो कारखाना माझा राहिला नव्हता, फणसे साहेब निवृत्त झाले होते. याहून सोपी वेळ मला आयुष्यात मिळणार नव्हती.

मी म्हणालो, “हो. तपासलं होतं.”

तिने मान हलवली. म्हणाली, मग बरं झालं.