गाऱ्हाण्यातला माज

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. धाकट्या भावाबद्दल कुणी विचारलं, की 'जरा तापट होता' एवढं सांगून मी विषय बदलत असे. तो तापट नव्हता. निदान पोफळीवरून पडेपर्यंत तरी नव्हता.

श्रीवर्धनच्या बाजूला आमची नारळ-पोफळीची वाडी आहे. मी शाळेत मास्तर, त्यामुळे वाडी त्यानेच सांभाळली. सुपारी काढायला गडी असले तरी त्याला स्वतः चढायची हौस. एका पोफळीवर झोका घ्यायचा आणि शेजारची पकडायची, खाली उतरायचंच नाही. एकदा हात सुटला. कपाळ पाण्याच्या पाटाच्या दगडावर आपटलं. टाके पडले, पंधरवड्यात तो हिंडूफिरू लागला आणि थोडक्यात निभावलं असं आम्ही समजलो.

पुढच्या काही महिन्यांत घरात भांडी उडू लागली. कुणी दार जोरात लावलं तरी तो अंगावर जायचा. मग अर्ध्या तासाने ओटीवर येऊन विचारायचा, "दादा, मी फार बोललो का रे?" मला ते नाटक वाटे. एका दुपारी आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून त्याने अडकित्ता भिरकावला. माझ्या बायकोची भुवई फुटली.

आमच्याकडे वाडी राखणाऱ्या देवाला, म्हणजे राखणदाराला, वर्षातून एकदा नारळ देतात. घरातल्या थोरल्याने गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. त्या वर्षी सगळ्या भावकीसमोर मी त्याला पुढे उभा केला आणि म्हटलं, "बा राखणदारा, ह्याला माज आलाय, तो उतरव."

पहिलं 'होय महाराजा' त्यानेच म्हटलं.

त्यानंतर चुलतभाऊ त्याला वाटेत हटकायचे, "काय रे, उतरला का? की अजून एक नारळ लागेल?" मग तो पुन्हा भडकायचा, आणि मला वाटायचं, बघा, माझंच खरं. त्याचं पान मी मागच्या पडवीत वेगळं वाढायला लावलं. पुढची कितीतरी वर्षं तो तिथेच एकटा जेवला.

मग त्याला फिट येऊ लागल्या, म्हणून मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो उजेडावर धरला आणि कपाळामागचा डाग दाखवला. म्हणाल्या, "राग सगळ्यांच्याच डोक्यात पेटतो. तो आवरायचं काम बरंचसं ह्या भागाचं. यांचा तोच दुखावलाय. मेंदूतली रसायनंही थोडी सावरावी लागतील, गोळ्या देते. पण सगळं ह्या डागावर ढकलू नका, माणसं कशी वागतात त्यावरही पुष्कळ असतं. घरी यांच्याशी कसं बोलता?"

भाऊ म्हणाला, "चांगलंच बोलतात. दादा मास्तर आहे आमचा."

मुलांना फळ्यावर मेंदूची आकृती काढून दाखवणारा मास्तर. भाऊ पडला तेव्हा एकदा तरी मुंबई गाठायला हवी होती, हे मला सुचलं नव्हतं.

परतताना ठरवलं, की माज म्हटलं ते जिथे म्हटलं तिथेच, त्याच माणसांसमोर मागे घ्यायचं. नारळाचा दिवस आला. गोळ्यांनी तो पुष्कळ निवला होता, माझ्या मागे हात जोडून उभा होता. मी तोंड उघडलं आणि पाऊसपाणी, गुरंढोरं, पोराबाळांची खुशाली एवढंच मागून मोकळा झालो. थोरल्याने भावकीसमोर चूक कबूल करायची, ह्याचीच मला लाज वाटली.

घरी येताना त्याने विचारलं, "दादा, यंदा माझं काही घातलं नाहीस?"

"गरज वाटली नाही."

तो हसला. मी त्याला माफ केलं असंच त्याला वाटलं. पुढचा नारळ द्यायच्या आधी, फिट येऊन तो गेला.

मला म्हणायचं होतं ते एवढंच होतं: बाबा रे, तुला माज नव्हता, दुखापत होती. मी ती ओळखली नाही, आणि ओळखल्यावरही बोललो नाही. चुकलं माझं. मला माफ कर.