पाकिटातून आलेलं एम.ए.

समस्त पदवीधर, पदवीधरांचे आईबाप आणि विशेषेकरून संस्थाचालक यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ज्ञान हे मनुष्याच्या डोक्यात डोळ्यांवाटे किंवा कानांवाटे शिरत नसून बाकावाटे शिरते. कॉलेजच्या बाकावर जो दोन वर्षे बसला तो विद्वान; जो घरी बसला तो नुसताच बसला. हा शोध आमच्या खानदेशात ऐंशीच्या दशकात लागला आणि त्याचा पहिला प्रयोग टपालनानांवर झाला. प्रयोग करणाऱ्यांची नावं सांगत नाही. सांगण्याच्या लायकीची नाहीत.

नाना जळगावच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत. बी.ए. झाल्यावर भावंडांची शिक्षणं, बहिणींची लग्नं यात पंधरा वर्षं गेली, आणि मग त्यांनी पत्राद्वारे एम.ए.ला नाव घातलं. दर महिन्याला खाकी पाकिटातून धड्यांची पुस्तिका यायची, म्हणून ते टपालनाना. पुस्तिका आली की नाना दाढी करत, इस्त्रीचा शर्ट पँटीत खोचत, मोजे-बूट चढवत आणि स्वतःच्याच घरात लोखंडी खुर्चीवर ताठ बसून वाचायला लागत. "कॉलेजात बनियनवर जातात का?" असं वर विचारत. वहिनींनी आतून भाजी आणायला हाक मारली तर जागचे न हलता ओरडत, "वर्ग चालू शे!" एकदा पाचोऱ्याहून सासरे आले. तास संपेपर्यंत त्यांनाही ओट्यावर बसवून ठेवलं होतं.

मी त्यांच्या शेजारी खोली घेऊन त्याच विषयात रीतसर, म्हणजे बाकावरचं, एम.ए. करत होतो. आमच्या वर्गात नावं सात होती आणि देह तीन. एक एसटीच्या पाससाठी यायचा, दुसरा लग्न जमेपर्यंत, तिसरा मी. सर पिवळ्या पडलेल्या वहीतून वाचून दाखवत. एकदम दोन पानं उलटली गेली तरी त्यांच्या लक्षात येत नसे. आमच्याही येत नसे. हे मी मोठ्या फुशारकीने सांगितलं की नाना माझ्याकडे असे बघत, जणू मी केळीच्या घडावरचा काळा डाग आहे. "हजेरीचं काय सांगतो भो? म्हैसबी रोज गोठ्यात हजर राहस."

त्यांचे प्राध्यापक कधी कोणी पाहिले नाहीत. नाना उत्तरं लिहून पाठवत, ती लाल शाईने तपासून परत येत. एकदा एका उत्तराखाली नुसताच 'बरे' असा शेरा आला. नाना दोन दिवस जेवले नाहीत असं वहिनी सांगत. ते काही खरं नाही, मी त्यांना भरीत-भाकरी खाताना पाहिलंय. पण त्या एका शब्दाला त्यांनी नऊ पानांचं उत्तर धाडलं. "बरे म्हणजे काय? कुठं चुकलं ते सांगा ना!" महिनाभराने त्या न पाहिलेल्या माणसाचं सहा पानी पत्र आलं. आमच्या सरांना दोन वर्षांत माझं आडनाव पाठ झालं नव्हतं.

परीक्षेआधी मी काय केलं असेल? नानांच्या पुस्तिका मागून आणल्या. नाना पहिल्या वर्गात आले, मी दुसऱ्या वर्गात कसाबसा घुसलो.

मग धुळ्याकडच्या एका संस्थेच्या कॉलेजात इतिहासाची एक जागा निघाली. जाहिरातीचं कात्रण नानांनीच आणलं आणि मलाही अर्ज करायला लावला. "दोघांत जो चांगला तो लागेल," म्हणाले. वयाच्या अटीत बसण्याचं त्यांचं ते शेवटचं वर्ष होतं. ही जागा गेली की कॉलेजात शिकवणं या जन्मात संपलं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी हा माणूस जळगाव ते धुळे सगळा रस्ता एसटीत माझी तयारी करून घेत होता! सत्तावनचा उठाव का फसला, याची कारणं त्यांनी माझ्याकडून बोटांवर घोकून घेतली.

आत आधी नाना गेले. दाराला नुसता पडदा होता. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब, कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक. इतिहासाशी त्यांचा संबंध भिंतीवरच्या कॅलेंडरपुरता.

"कॉलेज कोणतं, मास्तर?"

"पत्राद्वारे केलं, आबा. पहिला वर्ग आहे."

"पत्राद्वारे? मंग पोरांले काय पाकिटात घालून शिकवशाल?"

आत हशा पिकला. दुसरा प्रश्न विचारलाच नाही. मला मात्र विषयाच्या तज्ज्ञांनी नेमका सत्तावनचा उठाव विचारला. मी नानांची बोटं आठवत धडाधड सांगितलं. तज्ज्ञ खुर्चीतून पुढे सरकले. "बघा आबा, वर्गात बसलेला माणूस असा लगेच ओळखू येतो!"

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला. नेमणूक माझी झाली.

परतीच्या एसटीत नानांनी एकच चौकशी केली. "कारणं किती सांगितली?"

"चार."

"पाचवं?"

"विसरलो."

शिव्या द्याव्यात ना? नाहीत दिल्या. पारोळा येईपर्यंत पाचवं कारण समजावत होते. "आता शिकवायचंय तुला. पोरांना अर्धवट नको सांगू." स्वतःविषयी इतका तिटकारा मला त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि तरी पुढच्या सोमवारी मी नवा शर्ट घालून कामावर रुजू झालो.

सात-आठ वर्षं गेली. नाना हायस्कुलातच राहिले. इकडे सरकारदरबारी वारं फिरलं, आणि घरबसल्या पदवी देणारं अभ्यासकेंद्र आमच्याच कॉलेजात आलं. केंद्राचा प्रमुख कोण? बाकावरचा विद्वान, म्हणजे मी. उद्घाटनाला मी नानांना जळगावहून मुद्दाम बोलावलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. आबासाहेब बोलायला उठले. अंगावर शाल, आवाजात गहिवर. "घरी बसून जो शिकतो, तोच खरा विद्यार्थी! अशा माणसाला जो संस्थाचालक परत पाठवतो, तो महामूर्ख समजावा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी माईकजवळ उभा होतो. टाळ्या थांबतात न थांबतात तोच, भर सभेत नेहमी शुद्ध पुस्तकी मराठी बोलणारे नाना ताडकन उभे राहिले आणि ओरडले, "मंग मना इंटरव्ह्यू परत ल्या ना, आबा!"