अक्कांची गाय आणि माझा खड्डा

पुण्याहून बंगळुरात येऊन बसवनगुडीत बिऱ्हाड केलं ते एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटी. मी कारखान्यात नवाकोरा इंजिनियर होतो, आणि नव्याकोऱ्या इंजिनियराला जगात दुरुस्त करण्यासारखं फार दिसतं. मला आमची गल्ली दिसली.

कार्तिकातल्या शेंगांच्या जत्रेला लांबलांबून माणसं येत. देवदर्शन करायचं, शेंगा खायच्या आणि टरफलं आमच्या दारात टाकून घरी जायचं. जत्रा उठली की गल्लीभर टरफलं, केळ्याची सालं, उष्टी पानं. तेव्हा मी गल्लीच्या टोकाला एक मोठा खड्डा खणवला. सगळ्यांचा कचरा एकत्र, त्याचं खत, खतावर फुलझाडं.

"आपला पलंग कधीचा डुगडुगतोय," बायको म्हणाली. "तो गल्लीच्या टोकाला नेऊन ठेवू का? म्हणजे तुमचं लक्ष जाईल."

मोठी माणसं माझं सगळं ऐकून घेत, "सरी, सरी" म्हणजे कानडीत "बरं, बरं" म्हणत आणि कचरा होता तिथेच टाकत. म्हणून मी पोरांना धरलं. रविवारी त्यांना खड्ड्याच्या काठावर बसवून सालीची माती कशी होते ते सांगू लागलो. "सगळं खड्ड्यात, सबब चालणार नाही," हे माझं वाक्य. पोरांना ते जरा जास्तच आवडलं. त्यांनी घरोघर पहारा सुरू केला. एका आजोबांना तर हातातल्या सालीसकट खड्ड्यापर्यंत चालवत नेलं. माझी छाती फुगली.

शेजारी अक्का राहत, बंगळुरातल्याच जुन्या मराठी घरातल्या. एकट्या बाई, एक गाय, आणि तिच्या दुधावर संसार. गल्लीत प्रत्येक दाराशी एक बादली असे. तिच्यात तांदळाचं धुवण, भाजीची देठं, सालं पडत. कलगच्चू म्हणत त्याला. संध्याकाळी अक्का फिरून ते गाईसाठी नेत. मी मात्र त्या बादल्या कचऱ्यातच धरल्या होत्या.

एका संध्याकाळी अक्का रिकामी बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"अण्णा, गाय भावाकडं गावाला पाठवते म्हणते."

"का हो?"

"नुसत्या विकतच्या वैरणीवर कशी पोसू? दूध स्वल्पच राहिलंय. गल्लीत आता सालसुद्धा मिळत नाही बघा. पोरं देऊ देत नाहीत. तुमचं नाव सांगतात."

त्या चिडल्याही नव्हत्या. त्या गेल्यावर आतून आवाज आला, "उद्यापासून कॉफीला दूध खड्ड्यातून काढून आणा."

सकाळी मी दुधी भोपळ्याची सालं बादलीत भरून स्वतःच अक्कांकडे निघालो. चार पोरांनी वाट अडवली.

"मामा, खड्डा तिकडं."

"अरे, हे गाईला आहे."

"सबब चालणार नाही," सगळ्यात लहान पोरगी म्हणाली. बादली माझ्या हातातून अदबीनं काढून घेतली गेली, खड्ड्यात रिकामी झाली आणि विसळून परत मिळाली. गल्ली आपापल्या दारातून बघत होती.

त्या रविवारचा वर्ग मी अक्कांच्या गोठ्यात भरवला. टरफलं, उष्टी पानं खड्ड्याला. साल आणि देठ आधी गाईला. मग गाय देईल ते शेण खड्ड्याला, असं नवं शास्त्र सांगितलं. गाय रवंथ करत ऐकत होती.

"म्हणजे आधी तुम्ही चुकीचं शिकवलंत?" त्या लहानगीनं विचारलं.

"हो."

तिनं गाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सरी," म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी बादल्या दारोदार परत आल्या, आणि पहाराही. अक्कांनी भावाला काही कळवलं नाही. थोड्या दिवसांनी आमच्या कॉफीचा रंगही सुधारला. एवढ्यानं मी सुटलो असं वाटलं होतं. पण पुढच्या जत्रेच्या दिवशी ओट्यावर बसून निवांत केळं खात होतो, तर ती पोरगी बादली घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"मामा, लवकर संपवा की. गाय थांबलीय."