संपतचं फ्रान्समधलं गाव

दोह्यात, फरीज बिन ओमरान नावाच्या मोहल्ल्यातल्या एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. मी शहाजी, वायरमन. रत्नागिरीकडचा अबूबकर, एका दुकानात कारकून. आणि भीमेकाठचा संपत, एका फ्रेंच इंजिनिअरचा ड्रायव्हर. संपत माणूस सरळ, पण बोलायला लागला की विषय एकच: सायबाचं गाव.

आता ह्या बाबाला फ्रान्सशी काय देणं-घेणं? पण साइटवर जाता-येता सायेब गावाचं सांगायचा, बॉनेटवरच्या धुळीत बोटानं नकाशा काढून दाखवायचा, आणि संध्याकाळी कणीक मळता मळता ते सगळं आमच्या माथी. नदी वळते, त्या वळणाच्या पोटात गाव. मागं पांढऱ्या दगडाचा डोंगर, त्यावर द्राक्षं. पूर्वी दारूची पिंपं नावेतनं जायची, मग रेल्वे आली आणि नावाडी बसले हात चोळत. तीन कमानींचा पूल. लढाईत मागं हटणाऱ्या फौजेनं सुरुंग लावून उडवला, गावानं पुन्हा बांधला. बायकांना धुण्यासाठी छप्पर घातलेला घाट. चर्चच्या भिंतीवर महापुराची खूण. "फ्रान्सचे तलाठी, आता जेवू द्या," मी म्हणायचो. तो हसायचा. स्वतःच्या गावाबद्दल मात्र अवाक्षर नाही. विचारलं तर म्हणायचा, "त्येचं काय सांगायचं? नदी हाय, बाभळी हायत."

तेव्हा बायका टेपवर बोलायच्या आणि सुट्टीवरून परतणारा माणूस कॅसेट घेऊन यायचा. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात संपतच्या बायकोची, तानूबाईची कॅसेट आली. अबूबकरच्या टेपवर लावली. धरण पुरं झालं, पावसाळ्यात गाव पाण्याखाली जाणार, नव्या गावठाणात पत्र्याचं खोपट मिळालंय. मग म्हणाली, "पोरीला कुठं ठेवलंय तेवढं सांगा. पाणी यायच्या आत एकदा जाऊन बसते."

पोरगी दीड वर्षाची होऊन वारली होती. आमच्यात इतक्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. बापानं उचलून न्यायचं, बाईमाणसानं मागं यायचं नाही, आणि जागा आईला सांगायची नाही. नाहीतर ती तिथनं उठत नाही, असं म्हणतात. संपतनं रीत पाळली होती. वर्षभरात तो दोह्याला आला.

त्याला सुट्टी मिळेना. मी सुट्टीवर गावाकडं निघणार होतो, म्हणून तो उत्तर भरायला बसला. बटण दाबलं. आवाज एकदम सपाट, बटाट्याचा भाव सांगावा तसा. "वळणावरनं खाली उतर. पुलाच्या डाव्या अंगाला, छपराच्या घाटामागं..."

मी टेप बंद केली. "संप्या, तुझ्या गावाला पूल कुठाय?"

"न्हाई," म्हणाला. "आमच्याकडं नाव हाय."

पुन्हा पुन्हा बोलून बघितलं, दर खेपेला तोच पूल आडवा. रडला असता तर मी जवळ तरी घेतलं असतं. मला तर त्याचा रागच आला. "मला कायबी हुत न्हाई रं शहाजी," तो म्हणाला. "आत बघाय गेलं की सायबाचंच गाव दिसतंया." अबूबकरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता जे हाय ते बोल नि खलास कर." शेवटी टेपवर एवढंच गेलं: तानू, मला जागा आठवंना.

तानूबाईनं ती कॅसेट पत्र्याच्या खोपटात ऐकली. मी मान खाली घालून बसलेलो.

"जागा मला ठावं हाय," ती म्हणाली. "त्या दिशी मी करंजीच्या झाडाआडनं बघितलं हुतं. जाऊन बसतीया की मी तिथं."

"मग वहिनी, विचारलंत कशाला?"

"त्येंनी एकदा तिचं नाव घ्यावं म्हून. पोरगी गेल्यापासनं घेतलं न्हाई."

मी परत आलो तोवर गाव पाण्यात गेलं होतं. संपत पोळ्या लाटत होता. मी सगळं सांगून टाकलं. वैतागलो होतो मी. म्हणालो, "घे की लेका नाव! तोंड शिवलंय का तुझं?"

लाटणं थांबलं. "हौसा," तो म्हणाला. जरा वेळानं पुन्हा म्हणाला, "हौसा." तव्यावरची पोळी जळायला लागली, ती आम्ही कुणीच काढली नाही.