रिकाम्या खोलीचं उत्तर

विधानसभेत आपल्याबद्दल प्रश्न आला तर माणसानं काय करायचं असतं, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. सातवीनंतर मी शाळेत गेलोच नाही. पुढच्या वर्गांत शिकवत असतील तर माहीत नाही.

मी मूळचा गोंदियाकडचा. जमिनीत केबल टाकणाऱ्या टोळीबरोबर बीड जिल्ह्यात आलो. केजच्या पुढं एका बाजाराच्या गावात मला ताप भरला. टोळी पुढं निघून गेली आणि मी बांधकाम खात्याच्या विश्रामगृहाच्या ओट्यावर पडून राहिलो. तिथल्या खानसामा चाचांनी मला आत नेलं, पातळ खिचडी करून घातली. बरा झालो तेव्हा म्हणाले, "जाऊन काय करतो बे? हितं भाकरी थापणारा पायजे मला."

तोवर मला ज्वारीची भाकरी नीट खाताही येत नव्हती, पण राहिलो. आवारात एक बिनवापराची खोली होती, तिच्यात माझी पेटी गेली. कुणी लेखी काही दिलं नाही आणि कुणी हाकललंही नाही. सगळे मला 'गोंदिया' म्हणतात. अजूनही एखादा नवा साहेब गाडीतून उतरला की मी स्वयंपाकघरात सटकतो. हा विचारणार, हा कोण?

माझ्या खोलीला लागून गावाचं पोस्ट होतं. तीही खोली बांधकाम खात्याचीच, पोस्टाला भाड्यानं दिलेली. पावसाळ्यात तिचं छत गळायचं. पोस्टातल्या मॅडम टपाल पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या आणि पेटीवर स्वतःची छत्री उघडून ठेवायच्या. मॅडम लिंबागणेशकडच्या. आईला साडी पाठवायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा पार्सलवरचा पत्ता त्यांनी लिहिला. पुढच्या खेपेला पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "लिहा, आमाला लई घाई न्हाई." मला अहोजाहो करणाऱ्या त्या गावातल्या पहिल्या.

तर डिसेंबरात एका सकाळी बांधकाम खात्याचे इंजिनिअर साहेब मोटरसायकलवरून आले आणि हेल्मेट न काढताच म्हणाले, "चाचा, एलएक्यू आला."

एलएक्यू म्हणजे विधानसभेतला प्रश्न. आमदार प्रश्न टाकतात. तो मंत्रालयातून खाली उतरत उतरत, ज्याच्या हद्दीत ते छत असेल त्याच्या मोबाइलवर येतो. मग उत्तर त्याच वाटेनं वर जातं. म्हणजे मंत्री सभागृहात जे वाचतात, ते आधी असं कुठंतरी चहाच्या टेबलावर लिहिलेलं असतं. मला हे ऐकून फार नवल वाटलं. कप ठेवून मी तिथंच रेंगाळलो.

साहेब वाचायला लागले. पोस्टाच्या खोलीचे छत गळत असल्याने टपाल भिजते, हे खरे आहे काय? असल्यास, त्याच आवारातील खोलीत बाहेरील व्यक्ती विनापरवाना राहते, हे खरे आहे काय?

बाहेरील व्यक्तीनं हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

"हे कुणी कळवलं असंल?" चाचांनी विचारलं.

"कुणी का कळवंना. विरोधी पक्षाचे आमदार हायत, त्यांना पत्ता लागतो." साहेब माझ्याकडं बघत म्हणाले, "खरं लिवलं तर ह्याला आजच काढावं लागंल. वर मलाच विचारतील, इतके दिवस कावून राहू दिलं."

"साहेब, मी जातो," मी म्हणालो.

"कुठं जातो? गप. दुपारपुरतं सामान काढ, मी फोटो घेतो."

पेटी, गादी, कपड्यांची दोरी, सगळं मी स्वयंपाकघरात नेलं. वर फरशीही पुसून काढली. साहेबांनी चारी कोपऱ्यांतून फोटो घेतले आणि उत्तर लिहिलं. पहिल्याला 'हे अंशतः खरे आहे.' दुसऱ्याला 'हे खरे नाही. सदर खोली सुस्थितीत असून रिकामी आहे.'

"साहेब, अंशतः म्हणजे किती?" मला राहवलं नाही.

"छत गळतं ते आपलं. टपाल भिजतं ते केंद्राचं. आपण आपल्यापुरतं बोलायचं."

"आसं व्हय," चाचा म्हणाले. "म्हंजे पाणी छतात हाय तवर मुंबईचं, पेटीवर पडलं की दिल्लीचं."

साहेब हसले आणि निघून गेले. संध्याकाळी माझी पेटी परत जागेवर आली. साहेबांचे उपकार कसे फेडावेत, याचाच मी विचार करत बसलो.

प्रश्नाच्या दिवशी मॅडमनी काउंटरवर मोबाइल उभा केला. मी आणि चाचा काउंटरच्या अलीकडं. अधिवेशन नागपूरला होतं. माझ्या गावाची गाडी नागपूरहूनच सुटते. त्या शहरात मोठमोठी माणसं माझ्या खोलीबद्दल बोलणार, हे मला खरं वाटेना. मंत्री उभे राहिले आणि साहेबांचं वाक्य जसंच्या तसं वाचलं. मी ते पाठच केलं होतं, म्हणून बरोबरीनं म्हणत गेलो.

मग आमदार उठले. "अध्यक्ष महोदय, छत मंत्र्यांचं, पाणी आभाळाचं, टपाल दिल्लीचं. मग भिजलेली पत्रं वाळत घालायची कुणाच्या दोरीवर?" सभागृह हसलं. मंत्री म्हणाले, टपाल सेवा हा केंद्राचा विषय आहे. त्यावर गलका सुरू झाला. अधिकारी बसतात तिकडून एक चिठ्ठी मंत्र्यांच्या हातात आली. त्यांनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"अध्यक्ष महोदय, त्याच आवारात एक खोली रिकामी आहे. छतही चांगलं आहे. ती आठ दिवसांच्या आत पोस्टाला देण्यात येईल."

बाकं वाजली. दोन्ही बाजूंची वाजली.

मॅडमनी मोबाइल पालथा ठेवला. चाचा म्हणाले, "मोठा माणूस झालास बे. तुझी खोली विधानसभेनं घेतली."

दुपारी साहेबांचा फोन आला. खोली रिकामी नाही असं आता म्हणता येत नव्हतं. सभागृहाला खोटी माहिती दिली म्हणून त्यांच्या नोकरीवर आलं असतं. "असं होईल असं मनात बी आलं न्हाई रे," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. माझ्यासाठी केलेल्या कामाचं त्यांना ओझं झालं, याचंच मला वाईट वाटलं.

मी स्वतःच सामान काढलं आणि पोस्टाचं सामान आत वाहिलं. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांना कोरडी खोली मिळाली होती, पण तोंड उतरलं होतं.

"त्या आमदारांचा एक माणूस आलता," त्या म्हणाल्या. "मी छताचं सांगितलं. बोलता बोलता म्हनलं, बाजूच्या खोलीत तर माणूस राहतो, इतकी चांगली हाय. तुमचं काही वाईट करायचं माझ्या मनात नव्हतं."

मला राग यायला हवा होता का, कळलं नाही. इतके दिवस डोक्यात होतं, माझ्याबद्दल नागपूरला कुणी सांगितलं असेल? ते कळल्यावर उलट हलकं वाटलं. म्हटलं, "तुम्ही खरं तेच सांगितलं, मॅडम."

पोस्टाची जुनी खोली आता मोकळी झाली होती. चाचांनी मला न विचारताच माझी पेटी तिकडं नेऊन ठेवली. आम्ही तिघं वर बघत उभे राहिलो. छताला ओलीचे मोठमोठे डाग होते. पावसाळ्याला अजून अवकाश होता.

"हितं तुमी कसे राहणार?" मॅडम म्हणाल्या. "मी परत कळवू का, ह्या खोलीचं छत गळतं म्हणून?"

"नको," मी म्हणालो. इतक्या घाईनं म्हणालो की चाचा हसायला लागले.

मॅडमनी छताकडं पाहिलं, माझ्या पेटीकडं पाहिलं. मग त्याही हसल्या आणि म्हणाल्या, "बरं. मी काय पाहिलंच न्हाई."